स्टार खेळाडू कुठे जाणार? एनबीएच्या फ्री एजन्सीचा अंदाज बांधायची रीत

30 जूनची रात्र संपून 1 जुलैची पहाट उजाडायच्या आत, आपल्या घड्याळात साडेतीन वाजता, एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, फ्री एजन्सीचा बाजार उघडतो: करार संपलेले खेळाडू नवा संघ शोधू लागतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. इकडे पावसाची रिपरिप चालू असते, घरचे गाढ झोपलेले असतात आणि आपण फोनचा उजेड कमी करून बघत असतो, अमका सही कुठे करणार?

त्याआधीचे दोन आठवडे अंदाजांचा नुसता पूर आलेला असतो. कुणी खेळाडूच्या अंगावर नव्या संघाची जर्सी चिकटवलेलं चित्र फिरवतं, कुणी त्याच्या बायकोने कुठे घर पाहिलं ते सांगतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा सगळा प्रकार. बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. ‘त्याला कुठे जायला आवडेल’ हा प्रश्न आधी विचारतात. तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा नंबर बराच नंतरचा. आधी बघायचं ते त्याला कोण घेऊ शकतं. तीस संघांपैकी पंचवीस-सव्वीस तिथेच गळतात. उरलेल्या चार-पाचांत मग आवडीनिवडी शोधाव्यात.

ही रीत मी बरेच उन्हाळे वापरतो आहे आणि ती वापरूनही चुकलेलो आहे. त्या चुकाही ओघात येतील.

मुळात तो बाजारात येतोय का?

हा प्रश्न बावळट वाटेल, पण निम्म्या चर्चा इथेच निकालात निघतात. करार संपत आलेला प्रत्येक स्टार मोकळा होत नाही. तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, प्लेअर ऑप्शन. करारातलं शेवटचं वर्ष खेळायचं की सोडायचं, हे खेळाडूच्या हातात असतं. बहुतेकांची मुदत जूनच्या अखेरीस, 29 तारखेच्या आसपास संपते. 2025 मध्ये लेब्रॉन जेम्सबद्दल भरपूर धुरळा उडाला, आणि त्याने सरळ 5 कोटी 26 लाख डॉलरचा ऑप्शन उचलून लेकर्सकडे राहणं पसंत केलं. त्या वयात बाहेर एवढे पैसे कुठून मिळणार होते?

दुसरी, एक्स्टेन्शन. पूर्वी मोठे खेळाडू करार संपेपर्यंत थांबत, कारण मुदतीआधी वाढवलेल्या करारात पैसे कमी पडत. आता नियम सैल झाल्याने बरेचसे स्टार बाजारात यायच्या आधीच सह्या करून मोकळे होतात. लुका डॉन्चिच 2026 च्या उन्हाळ्यात मोकळा होऊ शकला असता. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने लेकर्सशी तीन वर्षांचा, 16 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला आणि वर्षभर रंगणार असलेली चर्चा एका दुपारीत संपली. तेव्हा एखाद्याच्या नावाने ‘पुढच्या वर्षी कुठे’ असा मजकूर दिसला, की आधी त्याला एक्स्टेन्शन कधीपासून करता येतं ते पाहावं.

तिसरी गोष्ट म्हणजे तो पूर्ण मोकळा आहे की ‘रिस्ट्रिक्टेड’. ड्राफ्टच्या, म्हणजे लीगमध्ये नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडला गेलेला तरुण खेळाडू चार वर्षांनी बाजारात येतो, तेव्हा जुना संघ त्याच्यासमोर एका वर्षाचा प्रस्ताव, म्हणजे क्वालिफाइंग ऑफर, ठेवतो. मग दुसऱ्या कुणी कितीही मोठा आकडा लिहिला, तरी तेवढेच पैसे देऊन जुना संघ त्याला ठेवू शकतो. 2022 मध्ये इंडियानाने डिआंड्रे एटनला चार वर्षांचे 13 कोटी 30 लाख डॉलर देऊ केले, फिनिक्सने त्याच दिवशी आकडा जुळवला आणि इंडियाना हात चोळत बसलं. म्हणून रिस्ट्रिक्टेड खेळाडूच्या बाबतीत डोळे झाकून ‘जुन्या घरीच राहील’ म्हणावं, दहातले आठ वेळा बरोबर येतं. (हा माझा अदमास, मोजदाद नव्हे.) 2025 मध्ये तर मोठी मोकळी जागा एकट्या ब्रुकलिनकडे होती. त्यामुळे क्वेंटिन ग्राइम्स आणि कॅम थॉमस या दोघांना अखेर एका वर्षाच्या क्वालिफाइंग ऑफरवर समाधान मानावं लागलं.

त्याची किंमत काढा

स्टारचा पगार त्याच्या मर्जीवर ठरत नाही, त्याला वरची कडा असते. लीग दरवर्षी सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, जाहीर करते. 2025-26 साठी ती 15 कोटी 46 लाख डॉलर होती. सहा किंवा कमी वर्षं खेळलेल्याला पहिल्या वर्षी कॅपच्या 25 टक्क्यांपर्यंत पगार मिळू शकतो, सात ते नऊ वर्षंवाल्याला 30 टक्के, दहा किंवा जास्त वर्षं काढलेल्याला 35 टक्के. मोठे पुरस्कार मिळवणाऱ्यांना आपल्याच संघाकडून याहून वरची पायरी गाठता येते. तो ‘सुपरमॅक्स’ तूर्त बाजूला ठेवू.

आता कागद-पेन्सिल घ्या. आठ वर्षं खेळलेला खेळाडू आहे असं धरू. 30 टक्के म्हणजे पहिल्या वर्षाचे 4 कोटी 64 लाख. स्वतःचा संघ पाच वर्षांचा करार देऊ शकतो आणि दरवर्षी पहिल्या पगाराच्या 8 टक्के वाढ. बेरीज साधारण 26 कोटी 90 लाख. बाहेरचा संघ देऊ शकतो चार वर्षं आणि 5 टक्के वाढ, म्हणजे 19 कोटी 95 लाख. फरक जवळजवळ 7 कोटी डॉलरचा.

हे आकडे पाहून लोक म्हणतात, एवढं सोडून कोण जाईल? इथे थोडं थांबायला हवं. या फरकातला मोठा हिस्सा पाचव्या वर्षाच्या पगाराचा आहे. खेळाडू तिशीच्या आत असेल, तर ते पाचवं वर्ष तो पुढच्या करारात कमावणारच आहे, कदाचित जास्त दराने. पस्तिशीकडे झुकलेल्यासाठी मात्र ते वर्ष म्हणजे हातचं सोनं असतं. म्हणून जन्मतारीख नक्की बघावी. तरुण स्टार सहज घर सोडतो, वयस्क स्टार करारातली वर्षं मोजतो.

करांचं गणितही याच टप्प्यावर करून टाकावं. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात वरच्या उत्पन्नावर 13 टक्क्यांच्या पुढे आहे. पण चाहते याचा फार बाऊ करतात. खेळाडूला ज्या राज्यात सामना खेळला तिथलाही कर लागतो, त्यामुळे मायामीत घर घेतलं म्हणजे सगळा पगार करमुक्त झाला असं होत नाही. दोन प्रस्ताव तोलामोलाचे असतील, तेव्हा कर वजन टाकतो. एरवी लेब्रॉन 2018 मध्ये कॅलिफोर्नियात गेलाच नसता.

कुणाच्या ताटात जागा आहे?

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, आणि सगळ्यात जास्त उत्तर देणाराही. प्रत्येक संघाचे पुढच्या वर्षीचे पक्के पगार जोडा आणि कॅपमधून वजा करा. ही माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. खेळाडूंच्या पगारांच्या याद्या ठेवणाऱ्या दोन-तीन साइट्स आहेत, पण आकडे एकाच ठिकाणचे घेऊ नका, ताडून बघा.

वजाबाकी करताना नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो, ते म्हणजे कॅप होल्ड. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय ज्यांना आहे त्यांना हे चटकन कळेल. संघाचा स्वतःचा खेळाडू मोकळा झाला, तरी त्याच्या नावाचा रुमाल सीटवर राहतो आणि तो कॅपमधली जागा खातो. रुमाल उचलला की जागा मोकळी होते, पण त्या खेळाडूवरचा खास हक्क जातो. तो हक्क म्हणजे ‘बर्ड राइट्स’, बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा. साधारण तीन वर्षं आपल्याकडे असलेल्या खेळाडूला कॅप ओलांडूनही पुन्हा घेता येतं, ती ही सोय. दोनच वर्षं झाली असतील तर ‘अर्ली बर्ड’, आणि तिथे हात आखडतो. 2024 मध्ये न्यूयॉर्कला आयझाया हार्टनस्टाइनला ठेवायचं होतं, पण नियमाने ते चार वर्षांत 7 कोटी 25 लाखांच्या वर जाऊ शकत नव्हते. ओक्लाहोमा सिटीने तीन वर्षांतच 8 कोटी 70 लाख देऊ केले. विषय संपला. कितीही प्रेम असलं, तरी वहीत ओळच नव्हती.

कधीकधी रुमाल छोटा असतो आणि त्याखालचा माणूस मोठा. नवख्या करारावर खेळलेल्या तरुणाचा कॅप होल्ड कमी असतो. संघ त्याला म्हणतो, तू थोडा थांब, आधी आम्ही बाहेरचा स्टार आणतो, मग तुझी मोठी सही करतो. असा थांबलेला तरुण कुठे दिसला, की कान टवकारावेत. त्या संघाच्या मनात काहीतरी शिजत असतं.

ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्याकडे एक्सेप्शन, म्हणजे कॅप ओलांडूनही सही करायची सवलत, असतं. त्यातलं मोठं मिड-लेव्हल एक्सेप्शन 2025-26 मध्ये 1 कोटी 41 लाखांचं होतं. दहा वर्षं खेळलेल्या स्टारची कमाल किंमत त्याच वर्षी 5 कोटी 41 लाख. म्हणजे पाव किमतीत कुणी आला तरच. करिअरच्या संध्याकाळी, विजेतेपदाच्या ओढीने असे लोक येतात, भर तारुण्यात नाही.

संघाच्या एकूण पगारावर कॅपच्याही वर आणखी दोन रेषा असतात, त्याही माहीत हव्यात. त्यांना पहिला आणि दुसरा एप्रन म्हणतात, 2025-26 मध्ये 19 कोटी 59 लाख आणि 20 कोटी 78 लाख. दुसरी रेषा ओलांडलेल्या संघाचे हातपाय बांधलेले असतात. मिड-लेव्हल नाही, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा आणता येत नाही, बाहेरच्या मोकळ्या खेळाडूला किमान पगाराशिवाय काही देता येत नाही. यादीतून अशा संघांवर सरळ काट मारावी, मग ते कितीही नावाजलेले असोत.

जागा नसते, जागा केली जाते

एवढं करून हाती चार नावं येतात. पण इथेच थांबलात तर मोठे धक्के कायम चुकतील. हुशार व्यवस्थापक जागा ‘आहे का’ बघत नाही, ‘करता येईल का’ बघतो. म्हणून कात्री लावल्यावर एकदा उलट दिशेनेही जायला हवं.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 2016 चं. त्या हंगामात 73 सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटने केव्हिन ड्युरंटला घेतलं आणि जग म्हणालं, हे कसं शक्य आहे? शक्य होतं, कारण टीव्ही हक्कांचा नवा करार आला आणि कॅप एका वर्षात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाखांवर उडाली. ही उडी टप्प्याटप्प्याने घ्यावी असं लीगचं म्हणणं होतं, खेळाडूंच्या संघटनेने ते नाकारलं. त्यात स्टेफ करी दुखऱ्या घोट्यांच्या काळात केलेल्या स्वस्त करारावर होता. लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि पगार वर्षाला 1 कोटी 21 लाख! हॅरिसन बार्न्सवरचा हक्क सोडला, अँड्र्यू बोगटला डॅलसला पाठवलं, आणि ड्युरंटपुरती जागा झाली. बॉस्टनवाले अमेरिकन फुटबॉलचा सम्राट टॉम ब्रेडीला सोबत घेऊन ड्युरंटला भेटायला हॅम्पटन्सला गेले होते. मला वाटलं, झालं, आता हा बॉस्टनचाच. 4 जुलैला त्याने गोल्डन स्टेट जाहीर केलं. मी भेटीला कोण आलं ते पाहत होतो, वह्या कुणी साफ केल्या ते पाहायला हवं होतं.

म्हणून फेब्रुवारीतले व्यवहार आठवावेत. कुणी चांगला खेळाडू नाममात्र मोबदल्यात देऊन टाकला असेल, तर त्याचं कारण जुलैत सापडतं. लेकर्सनी 2017 मध्ये तिमोफेय मोझगोव्हचा जड करार डोक्यावरून उतरवण्यासाठी डी’अँजेलो रसेलसारखा तरुण ब्रुकलिनला देऊन टाकला. 2018 च्या फेब्रुवारीत जॉर्डन क्लार्कसन आणि लॅरी नॅन्स ज्युनिअरला क्लीव्हलँडला धाडलं. 1 जुलैला लेब्रॉन आला. गंमत म्हणजे क्लार्कसन आणि नॅन्सला घेणारा संघ लेब्रॉनचाच होता.

पण हे सूत्र आंधळेपणाने लावू नये. 2019 च्या सुरुवातीला न्यूयॉर्क निक्सनी क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला डॅलसला दिलं आणि दोन बड्या स्टारपुरती जागा केली. ड्युरंट आणि कायरी अर्व्हिंग येणार म्हणून शहर सजून बसलं होतं. ते दोघे आले न्यूयॉर्कलाच, पण नदीपलीकडे, ब्रुकलिनला. पंगत मांडली म्हणजे पाहुणा येतोच असं नाही.

जागा करायच्या आणखी दोन युक्त्या आहेत. एक साइन-अँड-ट्रेड. जुना संघ सही घेतो आणि लगेच खेळाडू नव्या संघाला देतो, बदल्यात त्यालाही काही मिळतं. 2019 मध्ये मायामीकडे जिमी बटलरसाठी मोकळी जागाच नव्हती. चार संघांचा एक गुंतागुंतीचा व्यवहार जमवून, जॉश रिचर्डसनला फिलाडेल्फियाला देऊन त्यांनी त्याला आणलंच. अशा मार्गाने खेळाडू घेणाऱ्या संघाला मात्र पहिला एप्रन ही पोलादी मर्यादा होऊन बसते, वर्षभर ती ओलांडता येत नाही. आणि जुन्या संघाची मर्जी लागते, हेही लोक विसरतात. भांडून निघालेल्याला हा रस्ता अवघड.

दुसरी युक्ती जरा क्रूर आहे. ‘वेव्ह अँड स्ट्रेच’, म्हणजे खेळाडूला काढून टाकायचं आणि उरलेला पगार बऱ्याच वर्षांवर पसरायचा. 2025 मध्ये मिलवॉकीने हे डेमियन लिलार्डसारख्या माणसाच्या बाबतीत केलं. टाचेची शीर तुटून तो बसला होता आणि त्याचे 11 कोटींहून जास्त डॉलर बाकी होते. ते पाच वर्षांवर पसरले आणि झालेल्या जागेत इंडियानाच्या माइल्स टर्नरला बसवलं. इंडियाना नुकतीच अंतिम फेरीचा सातवा सामना खेळून आली होती, टर्नर तिथे दहा वर्षं होता. तो हलेल असं फार थोड्यांना वाटलं होतं. मलाही नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांचे दोन सामने झाले होते, मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवेंचा संघ विरुद्ध टर्नरचा संघ. तेव्हापासून टर्नर म्हणजे इंडियाना हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वही उघडली असती तर मिलवॉकी काहीतरी मोठं तोडणार हे दिसलं असतं. त्यांचा मुख्य स्टार यानिस अँटेटोकुंपोला सोबत हवी होती, आणि हलवण्याजोगा मोठा करार दुसरा कुठला होता?

जुन्या घराचं दार

आता जुन्या संघाकडे वळू. ‘त्यांना तो नक्कीच हवा आहे’ हे गृहीत धरू नका. किती हवा आहे, हे आकड्यात विचारा. त्याला ठेवलं तर ते दुसऱ्या एप्रनच्या वर जातात का? मालक तो दंड भरायला तयार आहे का? आणि सगळ्यात बोलकी खूण: हंगामात एक्स्टेन्शन देता येत होतं, तरी दिलं नाही, असं झालंय का?

जेलन ब्रन्सनचं प्रकरण इथे नीट वाचण्यासारखं आहे, कारण त्यात जवळजवळ सगळे धागे एकत्र आहेत. 2018 मध्ये दुसऱ्या फेरीत निवडलेला, म्हणून चार वर्षांनी पूर्ण मोकळा. 2021-22 च्या हंगामात डॅलस त्याला नियमाने चार वर्षांचे साडेपाच कोटींच्या आसपास देऊ शकत होता. सही झाली नाही. मग प्लेऑफमध्ये तो तळपला आणि भाव दुप्पट झाला. दरम्यान निक्सचे प्रमुख होते लिओन रोझ, पूर्वी स्वतः एजंट असलेले आणि ब्रन्सन कुटुंबाशी जुना घरोबा असलेले. जूनमध्ये निक्सनी त्याचे वडील रिक ब्रन्सन यांना सहायक प्रशिक्षक नेमलं. मग केम्बा वॉकर, नर्लेन्स नोएल आणि अॅलेक बर्क्स या तिघांना डेट्रॉइटला पाठवून जागा केली. आता सांगा, यात अंदाज बांधायला उरलं काय होतं? चार वर्षं, 10 कोटी 40 लाख. बोलणी मुदतीआधीच झाली होती असं लीगला आढळलं आणि निक्सचा 2025 च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, गेला. एवढ्या किमतीत असा खेळाडू मिळत असेल तर कुणीही तो दंड हसत भरेल.

याच ब्रन्सनने 2024 मध्ये आमच्या किंमत काढायच्या टप्प्याला चूड लावली. एक वर्ष थांबला असता तर वर काढलेले 26 कोटी 90 लाख मिळू शकले असते, बरोबर तोच आकडा. त्याने चार वर्षांचे 15 कोटी 65 लाख घेतले, संघाला भोवती माणसं जमवता यावीत म्हणून. असा माणूस शंभरात एक. त्याच्यासाठी सूत्र बदलू नये, अपवाद म्हणून लक्षात ठेवावा.

आता माणूस बघा

इथपर्यंत तीन-चार संघ उरले असतील. आता खुशाल मनात शिरा.

गाव कुठलं? लेब्रॉन 2014 मध्ये ओहायोला परतला तो केवळ बास्केटबॉलसाठी नव्हे, ‘घरी येतोय’ असं त्याने जाहीरच लिहिलं. कवाय लेनर्ड दक्षिण कॅलिफोर्नियाचा, त्याची ओढ तिकडची होती हे उघड होतं. टोरंटोला विजेतेपद मिळवून दिल्यावर लगेच तो निघाला. पण गाव कळलं तरी गल्ली कळत नाही. मी तेव्हा छातीठोकपणे लेकर्स सांगितलं होतं. शहर बरोबर, संघ चूक.

त्या चुकीतून एक प्रश्न मी वहीत कायमचा लिहून ठेवला: याला सोबत कोण हवंय? कवायला दुसरा तारा हवा होता, पण तारे आधीच झळकत असलेल्या घरात जायचं नव्हतं. लेकर्सप्रमाणेच लॉस एंजेलिसच्या असलेल्या क्लिपर्सनी पॉल जॉर्जला ओक्लाहोमा सिटीकडून आणून दाखवलं तेव्हाच त्याने होकार दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पाच पहिल्या फेरीचे पिक गेले. 2025 मध्ये शे सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा सिटी विजेती झाली, तेव्हा क्लिपर्सच्या चाहत्यांच्या जिवाचं काय झालं असेल ते विचारू नका. ड्युरंट-अर्व्हिंगचंही तसंच, मित्र जोडीने हलतात. तेव्हा एकाचा अंदाज बांधताना त्याच उन्हाळ्यात मोकळ्या होणाऱ्या त्याच्या मित्रांची यादी शेजारी ठेवा.

दुखापत झालेला खेळाडू पैशाची हमी आणि वर्षं शोधतो. विजेतेपदं मिळवून झालेला जगण्याची सोय बघतो. ज्याला आपल्याच संघात दुय्यम वागणूक मिळते आहे असं वाटतं, तो कमी पैशातही निघतो. क्ले थॉम्पसन 2024 मध्ये गोल्डन स्टेटहून डॅलसला गेला, तीन वर्षं आणि 5 कोटी. तेरा वर्षांचं घर होतं ते.

बातमी कशी वाचायची

थोडक्यात सांगतो, कारण यात जास्त वेळ घालवण्यासारखं नाही. बातमी कुणाच्या फायद्याची आहे ते आधी विचारा. एजंटला भाव वाढवायचा असतो, जुन्या संघाला ‘आम्ही प्रयत्न केला’ दाखवायचं असतं, तिसऱ्याला शेजाऱ्याला जास्त पैसे मोजायला लावायचं असतं. ‘रस आहे’ हे क्रियापद फुकट असतं. ‘भेट ठरली आहे’ याला थोडी किंमत. ‘सहमती झाली, इतकी वर्षं, इतके डॉलर’ असं आलं तरच बातमी. एड्रियन वोज्नारोव्स्की 2024 मध्ये पत्रकारितेतून बाहेर पडल्यापासून यात शॅम्स चरानियाचा शब्द शेवटचा मानला जातो. त्याच्या नावाची एका अक्षराचा फरक असलेली खोटी खाती त्या रात्री भराभर उगवतात. फॉरवर्ड करण्याआधी नाव दोनदा वाचा.

एकदा सगळं लावून बघू: पॉल जॉर्ज, जून 2024

समजा 29 जून आहे. पॉल जॉर्ज 34 वर्षांचा. त्याच्याकडे 4 कोटी 88 लाखांचा ऑप्शन होता, तो त्याने नाकारला. म्हणजे बाजारात आला, पूर्ण मोकळा.

किंमत? दहा वर्षांच्या वर खेळलेला, म्हणून 35 टक्के. त्या वर्षीची कॅप 14 कोटी 6 लाख, म्हणजे पहिल्या वर्षाचे 4 कोटी 92 लाख. बाहेरच्यांकडून चार वर्षांचे 21 कोटी 16 लाख. क्लिपर्स त्याच चार वर्षांचे 22 कोटी देऊ शकत होते. वय पाहता त्याला चौथं वर्ष हवंच.

जुनं घर? क्लिपर्सनी जानेवारीत कवायशी तीन वर्षांचं एक्स्टेन्शन केलं, जॉर्जशी झालं नाही. ही घंटा वाजलेली. शिवाय जेम्स हार्डनलाही ठेवायचं होतं आणि दुसरा एप्रन समोर दिसत होता. चौथ्या वर्षावर घोडं अडणार, हे सांगायला गुप्तहेर नको.

जागा कुणाकडे? गोल्डन स्टेटकडे नव्हती. त्यांना ऑप्शन घ्यायला लावून ट्रेड करावी लागली असती, आणि ऑप्शन नाकारला त्या क्षणी ते दार लागलं. ऑरलँडोकडे जागा होती, संघ तरुण होता. आणि फिलाडेल्फिया. (सेव्हंटी सिक्सर्स हे नाव क्रिकेटवाल्या आपल्या कानाला अजून गमतीदार वाटतं.) त्यांच्या वहीत जोएल एम्बीडचा मोठा पगार सोडला तर फारसं काही नव्हतं, टोबायस हॅरिसचा 3 कोटी 90 लाखांचा करार नुकताच संपलेला. टायरीस मॅक्सी वर्षभर सहीविना थांबलेला, त्याचा रुमाल जेमतेम 1 कोटी 30 लाखांचा. शिजत असलेलं ते हेच.

माणूस? कॅलिफोर्नियातल्या पामडेलचा, घराजवळ खेळायला आवडणारा. फक्त एवढंच पाहिलं असतं तर ‘क्लिपर्स’ असं उत्तर आलं असतं. पण घराने चौथं वर्ष दिलं नाही, आणि एम्बीडच्या शेजारी उभं राहायची संधी एकाच ठिकाणी होती. 30 जूनला क्लिपर्सनी तो जाणार असल्याचं स्वतःच जाहीर केलं. 1 जुलैला फिलाडेल्फिया, चार वर्षं, साधारण 21 कोटी 20 लाख. मग मॅक्सीची पाच वर्षांची 20 कोटी 40 लाखांची सही. ऑरलँडोने आपले पैसे केंटाव्हियस कॉल्डवेल-पोपवर लावले.

त्या वर्षी जॉर्ज 41 सामने खेळला आणि फिलाडेल्फिया फक्त 24 जिंकली. कुठे जाणार याचा अंदाज वेगळा, जाऊन काय होणार याचा वेगळा. दुसऱ्याची रीत माझ्याकडे नाही.

त्या रात्री

1 जुलैला पहाटे 3.20 चा गजर लावा. पहिल्या वीस मिनिटांत ज्या सहमती येतात त्या आधीच ठरलेल्या असतात. अंतिम सामना संपल्यावर दुसऱ्या दिवसापासून संघ आपल्याच खेळाडूंशी बोलू शकतात, ही 2024 पासूनची सवलत, त्यामुळे राहणाऱ्यांची नावं त्याहीआधी कळतात. पहाटे सहापर्यंत खरा बडा मासा गळाला लागला नसेल, तर झोपा. तो दोन-तीन दिवस घेणार. त्याच्यासाठी जागा राखून बसलेले संघ यादरम्यान बाकीचे खेळाडू हातचे घालवत असतात, त्यांच्यावर नजर ठेवा. कुणी अचानक दुसऱ्या फळीतल्यावर पैसे खर्च केले, तर त्यांना नकार कळलेला असतो. बातमी यायच्या कितीतरी आधी.

आणि यादीत नाव पेनाने लिहायचं ते 6 जुलैला, आपल्याकडे रात्री साडेनऊनंतरच. तोवर बहुतेक सह्यांवर बंदी असते, झालेला असतो तो साखरपुडा. 2015 मध्ये डिआंड्रे जॉर्डनने डॅलसला होकार कळवला होता. सह्या व्हायला काही दिवस बाकी असताना त्याचं मन पालटलं. क्लिपर्सची मंडळी ह्यूस्टनमधल्या त्याच्या घरी जाऊन बसली, ब्लेक ग्रिफिनने दाराला आतून खुर्ची टेकवल्याचा फोटो टाकला, आणि मध्यरात्र उलटून बंदी उठताच सही क्लिपर्सच्या कागदावर झाली. डॅलसवाले त्या संध्याकाळी त्याचा फोन लागायची वाट बघत होते.